नल्लकुंटा : प्रस्तावाविना वाढलेली दाटी

काचीगुडा रेल्वे स्थानक आणि उस्मानिया विद्यापीठाचे आवार यांच्या दरम्यान वसलेले नल्लकुंटा आज हैदराबादच्या अत्यंत दाट भागांपैकी एक आहे. मात्र ही दाटी कोणत्याही एका योजनेने घडवलेली नाही, आणि म्हणूनच तिचा इतिहास नकाशांपेक्षा खरेदीखतांत, घरक्रमांकांत आणि बांधकाम नियमांच्या तरतुदींत अधिक सापडतो. नगररचनेचे अभ्यासक दाट वस्तीकडे सहसा योजनेच्या अंगाने पाहतात. येथे तशी योजना नसल्याने शेकडो छोट्या भूखंडांवर स्वतंत्रपणे झालेल्या निर्णयांची बेरीज मांडावी लागते.

तेलंगणाच्या पठारावर पावसाचे पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या मोठ्या तलावास ‘चेरुवू’ आणि लहान तळ्यास ‘कुंटा’ म्हणतात. शेजारच्या नागमय्याकुंटा, बतुकम्माकुंटा या नावांप्रमाणेच नल्लकुंटा हे नावही पाणथळ भूभागाची ओळख जपून आहे. कुतुबशाही काळात, १५६२च्या सुमारास, बांधलेल्या हुसेनसागराच्या सांडव्याचे पाणी वाहून नेणारा नाला याच भागातून गोलनाका आणि अंबरपेठेकडे जातो आणि पुढे मुसी नदीला मिळतो. या उतारावरील तळी आणि बागा म्हणजे पावसाळ्यातील जादा पाणी काही काळ थोपवून धरणारी जागा होती, ही गोष्ट पुढील सर्व घडामोडी समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुराने हजारोंचे बळी घेतले आणि त्यानंतरच निजाम सरकारला शहराचा नव्याने विचार करणे भाग पडले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानुसार नदीच्या वरच्या अंगाला उस्मानसागर १९२०मध्ये आणि हिमायतसागर १९२७मध्ये, असे दोन जलाशय पूर्ण झाले, तर १९१२मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा मंडळाने कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे आणि नवी घरे बांधण्याचे काम हाती घेतले. त्या काळच्या प्रशासनाच्या दृष्टीने दाटी हा प्लेगसारख्या साथींना आमंत्रण देणारा दोष होता, त्यामुळे नदीच्या उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर सुटसुटीत घरे बांधणे हाच सुधारणेचा मार्ग मानला गेला. १९१५मध्ये सुरू झालेले आणि पुढे नल्लकुंट्यात आलेले साथरोग रुग्णालय, ज्याला जुने रहिवासी आजही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात आणि ज्याला नंतर सिकंदराबादेत डासामधील हिवतापाच्या परजीवीचा शोध लावणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचे नाव मिळाले, ते याच विचारसरणीची खूण आहे; संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय गावाबाहेर ठेवण्याची रीत होती, आणि तेव्हा नल्लकुंटा गावाबाहेरच होते.

मराठी भाषकांच्या दृष्टीने या परिसराचा इतिहास रेल्वेशी जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपर्यंत गेलेल्या मीटरगेज मार्गाने औरंगाबाद, जालना, परभणी आणि नांदेड ही मराठवाड्यातील ठिकाणे राजधानीशी जोडली आणि १९१६मध्ये बांधलेले काचीगुडा स्थानक हे मराठवाड्यातून येणाऱ्यांचे राजधानीतील मुख्य द्वार बनले. वकिली, शिक्षण आणि सरकारी नोकरीसाठी आलेली कुटुंबे प्रथम सुलतान बाजार आणि काचीगुडा भागात स्थिरावली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली विवेकवर्धिनी शाळाही याच वर्तुळातली. १९१८मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी जागा सुचवण्याचे काम पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आले. मुंबई विद्यापीठात त्या वेळी समाजशास्त्र शिकवणाऱ्या या विचारवंताने १९२३मध्ये आपला अहवाल दिला, अडिकमेटची जागा निवडली गेली आणि १९३९मध्ये तेथे कला महाविद्यालयाची इमारत उघडली. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, तिचे पाणी, झाडे आणि गल्ल्या राखून मोजकीच दुरुस्ती करावी, असा आग्रह गेडिस भारतभर धरत होते. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर वाढलेल्या नल्लकुंट्याला त्या आग्रहाचा कधीच लाभ झाला नाही, ही या इतिहासातली मोठी हानी म्हटली पाहिजे.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले आणि नव्या राज्याच्या कर्मचारीवर्गासाठी शहराच्या या बाजूला प्लॉटवर स्वतंत्र घर बांधण्याची पद्धत रुळली. एक-दोन मजल्यांचे घर, पुढे अंगण, मागे विहीर आणि दोन नारळ, अशा घरांच्या गल्ल्या तयार झाल्या. शेजारच्या बागलिंगमपल्लीत गृहनिर्माण मंडळाने चाळवजा बहुमजली वसाहत उभारली, तिच्यामागे निदान रस्ते, मैदान आणि गटारे यांचा एकत्र विचार होता. नल्लकुंट्यात मात्र प्रत्येक मालक आपापल्या कुंपणाच्या आत विचार करीत राहिला. १९८०च्या दशकापासून चुक्का रामय्या यांच्या आयआयटी प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीने या वस्तीचे नाव तेलुगू प्रदेशात घरोघरी पोहोचवले, आणि विद्यापीठ व शिकवण्यांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मागणीमुळे गच्चीवरची खोली, मग वरचा मजला आणि मग संपूर्ण घरच भाड्याच्या खोल्यांत वाटले गेले. दाटी आधी माणसांची झाली आणि इमारती नंतर उंचावल्या, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

या क्रमाची नोंद घरक्रमांकांत वाचता येते. हैदराबादचा पारंपरिक घरक्रमांक वॉर्ड, ब्लॉक आणि घर असा तीन भागांचा असतो. नल्लकुंट्यातील बऱ्याच घरांचे क्रमांक २-१ ने सुरू होतात. भावांनी वाटणी केली की मूळ क्रमांकापुढे तिरकी रेघ येऊन १, २ असे अंक लागतात, त्यातील एका हिश्शाची पुन्हा विभागणी झाली की अक्षर जोडले जाते, आणि शेवटी त्या तुकड्यावर इमारत उभी राहिली की त्याच शेपटीला फ्लॅटचा क्रमांक चिकटतो. एकाच दारावरील पाटीत तीन पिढ्यांच्या वाटण्या अशा ओळीने उभ्या असतात.

१९८७च्या आंध्र प्रदेश अपार्टमेंट कायद्याने फ्लॅटच्या मालकीला निश्चित कायदेशीर चौकट दिली. जुन्या घराचा मालक जमीन देतो, बिल्डर स्वखर्चाने इमारत बांधतो आणि तयार फ्लॅट दोघे ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात, अशा विकसन कराराने कुटुंबाला जमीन न विकता निवृत्तीनंतरचे उत्पन्न मिळाले. फ्लॅट घेणाऱ्याच्या खरेदीखतात जमिनीचा ‘अविभक्त हिस्सा’ चौरस गजांत नोंदलेला असतो. हा हिस्सा म्हणजे जमिनीवर आखून न दाखवता येणारी, सर्व मालकांची सामाईक मालकी होय.

खरा बदल ३ मार्च २००६ रोजी लागू झालेल्या बांधकाम नियमांनी घडवला. मुंबई-पुण्याच्या वाचकाला परिचित असलेला चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याची मर्यादा, हैदराबादने सोडून दिला आणि इमारतीची उंची समोरच्या रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि सभोवती सोडायचे सामासिक अंतर यांच्याशी बांधली. २०१२च्या नियमांनीही हेच सूत्र कायम ठेवले. मोठ्या भूखंडांच्या पश्चिम हैदराबादेत यातून गगनचुंबी मनोरे उभे राहिले, तर लहान भूखंडांच्या नल्लकुंट्यात खाली खांबांवरचा वाहनतळ, ज्याला ‘स्टिल्ट’ म्हणतात, आणि वर चार-पाच मजले, हा एकच साचा गल्लोगल्ली उमटला. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम होऊ नये म्हणून बांधकामाचा १० टक्के भाग भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत पालिकेकडे तारण ठेवण्याची तरतूद होती; तरीही २००७च्या अखेरीस आणि पुन्हा २०१५मध्ये दंड भरून अनधिकृत मजले नियमित करून घेण्याच्या योजना सरकारनेच आणल्या, आणि नियम पाळणाऱ्या मालकावर त्यातून उघड अन्याय झाला.

कॅनडातील शहरांत दाटी वाढवण्यावरून सध्या चाललेला वाद या पार्श्वभूमीवर तपासण्यासारखा आहे. व्हँकुव्हरने जून २०२२मध्ये ब्रॉडवे मार्गाभोवती, नव्या भुयारी रेल्वेच्या आधाराने, उंच इमारतींना परवानगी देणारा आराखडा मंजूर केला. टोरांटोने मे २०२३मध्ये एका कुटुंबाच्या घरांसाठी राखलेल्या भागांत चार घरांच्या इमारतींना मुभा दिली. आणि त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने अधिकृत आराखड्याशी सुसंगत निवासी प्रकल्पांवर जाहीर सुनावणी घेण्यास मनाई केली, कारण सुनावणीत आधीच घर असलेल्यांचाच आवाज ऐकू येतो आणि घर शोधणाऱ्यांचा येत नाही, असा अनुभव होता. तेथे दाटी हा प्रस्ताव असतो, त्यावर भांडता येते. नल्लकुंट्यात प्रत्येक इमारतीला स्वतंत्र परवानगी मिळत गेली, पण संपूर्ण गल्लीत किती माणसे वाढणार, त्यांचे सांडपाणी कोठे जाणार, हा प्रश्न कोणत्याही टेबलावर आलाच नाही. रेल्वेच्या बाबतीतही क्रम उलटा पडला : २०२०मध्ये सुरू झालेला मेट्रोचा हिरवा मार्ग चिक्कडपल्ली आणि नारायणगुडा येथून गेला, आणि नल्लकुंट्याच्या वाट्याला विद्यानगर व काचीगुड्याची उपनगरी गाडीच राहिली.

या विसंगतीची किंमत पाण्याने वसूल केली. ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत नाल्याकाठच्या वसाहती बुडाल्या, कारण अंगणे फरसबंद झाली होती आणि कुंट्यांच्या जागी घरे होती. नाल्याला संरक्षक भिंती बांधण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले आणि २०२५मध्ये शेजारच्या बाग अंबरपेठेतील बतुकम्माकुंटा अतिक्रमणाखालून मोकळे करून पुन्हा पाण्याने भरण्यात आले. मूळ तळ्याच्या मानाने ते लहान असले, तरी भरवस्तीत पाण्याला जागा परत देता येते हे त्यातून सिद्ध झाले, आणि या कामाचे मोल कोणत्याही नव्या उड्डाणपुलाहून अधिक मानावे लागेल.

दरम्यान १९८०-९०च्या दशकांतील तीन-चार मजली इमारती जुन्या झाल्या असून त्यांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न उभा राहिला आहे. पहिल्या फेरीत बिल्डरला एका मालकाशी करार करावा लागे, आता दहा-बारा मालकांची संमती लागते. समोरची गल्ली तेवढीच रुंद असल्याने अधिक मजले मिळण्याची शक्यता कमी, आणि प्रत्येकाच्या खरेदीखतात नोंदलेला अविभक्त हिस्सा बहुधा इतका थोडा असतो की जुन्या रहिवाशांना घरे देऊन विकण्यासाठी फारसे उरत नाही. शेजारच्या तीन-चार इमारतींनी आपले भूखंड एकत्र केले तर सामासिक अंतरांची पुनर्मांडणी करून थोडी मोकळी जमीन आणि रुंद रस्ता मिळू शकतो. परंतु त्यासाठी आजवर कुंपणाच्या आत विचार करणाऱ्या मालकांना एकत्र बसावे लागेल, आणि पालिकेला एकेका भूखंडाऐवजी संपूर्ण गल्लीचा नकाशा मंजूर करण्याची पद्धत घालावी लागेल.