खिशावरची सही

मागच्या भागात आपण सातबाऱ्यावरच्या अपाक शेऱ्याबद्दल बोललो होतो. मूल अज्ञान असेल तर जमीन त्याच्या नावावर, पण कारभार पालकाच्या हाती. सज्ञान झाल्यावर तो शेरा काढायला अर्ज करावा लागतो, हेही सांगितलं होतं. त्यावर एका गटातून प्रश्न आला, की पैसा पोरीचा आणि हात दुसऱ्याचा, मग त्या पोरीचं पुढे काय होतं? उत्तर शोधताना आम्हाला एक बाई आठवली. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. पण तिची गोष्ट ऐका.

तिचं नाव ग्लोरिया व्हँडरबिल्ट. जन्म २० फेब्रुवारी १९२४, न्यूयॉर्क शहर. तिचा खापरपणजोबा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट हा नावाडी. सोळाव्या वर्षी आईकडून १०० डॉलर घेऊन त्याने एक होडी घेतली आणि लोकांना खाडीपार नेऊ लागला, अशी त्या घराण्याची गोष्ट सांगतात. पुढे आगबोटी आल्या, मग रेल्वे आली. १८७७ साली तो वारला तेव्हा मागे सुमारे १० कोटी डॉलर होते. त्यातले बहुतेक सगळे एका मुलाला गेले. मुलींच्या वाट्याला त्या मानाने चिरीमिरीच आली आणि त्यातली एक कोर्टात गेली. बघा, सुरुवात आईच्या गाठीच्या पैशाने झाली आणि वाटणीच्या वेळी लेकींची आठवण शेवटी आली. हे वाचून आम्हाला फारसं नवल वाटलं नाही.

ग्लोरियाचा बाप रेजिनाल्ड म्हणजे पणतू. त्याने घोडे, जुगार आणि दारूत स्वतःचा वाटा उडवला आणि १९२५ साली दारूनेच गेला. मुलगी दीड वर्षाची होती. पण ५० लाख डॉलरचा एक ट्रस्ट असा बांधलेला होता, की त्याला हात लावता येणार नाही, तो पैसा त्याच्या मुलांचाच. पहिल्या बायकोची एक मुलगी होती. दोघींत निम्मेनिम्मे झाले आणि रांगत्या वयात ग्लोरियाच्या नावे २५ लाख डॉलर लागले.

आईचं नावही ग्लोरियाच. विशीतली विधवा, हातात स्वतःचं काही नाही. कोर्टाने मुलीच्या पैशातून तिला पालनपोषणासाठी महिन्याला ४,००० डॉलर लावून दिले. त्यावर मुलगी वाढली, आणि आईही जगली. ती पॅरिसला, लंडनला राहायची, मेजवान्यांना जायची. मुलगी दिवसभर सांभाळणाऱ्या बाईजवळ. त्या बाईला ती ‘डोडो’ म्हणे. मुलीसाठी आईपेक्षा डोडोच आई होती.

मग १९३४ साल आलं. अमेरिकेत महामंदी होती, लोक पावासाठी रांगेत उभे होते आणि पेपरात रोज या दहा वर्षांच्या मुलीचा फोटो. बापाची बहीण गर्ट्रूड व्हिटनी हिने मुलीचा ताबा मागितला होता. ही आत्या मूर्तिकार होती. न्यूयॉर्कमधलं व्हिटनी कलासंग्रहालय तिनेच काढलेलं. स्वतःच गडगंज असल्याने भाचीच्या पैशावर तिचा डोळा होता असं म्हणता येत नाही. आईच्या विरोधात साक्ष द्यायला कोण उभं राहिलं? डोडो, घरची मोलकरीण आणि आईची स्वतःची आई, म्हणजे मुलीची आजी. साक्षी अशा निघाल्या की न्यायाधीश जॉन कॅर्यू यांनी पत्रकारांना बाहेर काढून दारं लावून घेतली. मुलीलाही विचारण्यात आलं. तिने सांगितलं, मला आईकडे जायचं नाही.

पुढे मोठी झाल्यावर तिने लिहून ठेवलं, की तिला एकच भीती होती, डोडोपासून आपल्याला तोडतील. म्हणून मोठ्यांनी जे सांगितलं ते ती बोलली. निकाल लागला. ताबा आत्याला, आईला शनिवार-रविवार आणि जुलै महिना. आणि डोडोला कामावरून काढण्याचा आदेश. जिच्यासाठी ती खोटं बोलली तीच गेली. आम्ही हे तिघीजणी मिळून वाचत होतो, इथे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

सतराव्या वर्षी तिने लग्न केलं, ते चार वर्षांत मोडलं. १९४५ साली ती एकवीस वर्षांची झाली, पैसा तिच्या हाती आला आणि लगेच दुसरं लग्न झालं, लिओपोल्ड स्टोकोव्स्की या नामांकित वाद्यवृंद संचालकाशी. ती २१, तो ६३. पैसा हातात आल्यावर तिने आईचा भत्ता बंद केला. आमच्यात यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, आईला असं करू नये. दुसरीचं म्हणणं, दहा वर्षांच्या पोरीचा पैसा खाताना आईला कळलं नव्हतं का? पुढे मायलेकींचं जुळलं, एवढं सांगून हा वाद आम्ही तिथेच ठेवतो.

दोन मुलं झाली. नवऱ्याचं नाव मोठं, घराण्याचं नाव मोठं, आणि तिचं स्वतःचं काय? ती अभिनय शिकायला लागली, सॅनफर्ड मायझनर या गाजलेल्या शिक्षकाकडे. ऑगस्ट १९५४ मध्ये, तीस वर्षांची असताना, ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली. पेनसिल्व्हेनियातलं पोकोनो प्लेहाउस नावाचं एक लहान नाटकघर. नाटक हंगेरीच्या फेरेंक मोल्नार यांचं, ‘द स्वान’, म्हणजे राजहंस. त्यात एक राजकन्या आहे. तिचं मन घरातल्या शिक्षकाकडे ओढलं जातं, पण आईला ती युवराजाच्या घरी द्यायची आहे. ही भूमिका ग्लोरियाची. लोक नटी बघायला कमी आणि व्हँडरबिल्टची पोर बघायला जास्त आले असतील, असं आम्हाला वाटतं. तरी संवाद पाठ करून पडद्यामागून पुढे येणं हे कुठल्या ट्रस्टने करून दिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर एका नाटकात तिला छोटं काम मिळालं, मग दूरचित्रवाणीवरही. मोठी नटी ती झाली नाही. पण पहिल्या नाटकानंतर काही महिन्यांतच ती नवऱ्याचं घर सोडून बाहेर पडली होती.

१९५९ साली पुन्हा ताब्याचा खटला, या वेळी तिच्या मुलांसाठी. पुन्हा पेपरवाले. कधीकाळी ज्या खुर्चीवर तिची आई बसली होती तिथे आता ती बसली. मुलं तिच्याकडेच राहिली.

ती चित्रं काढी, कापडाचे नमुने करी. १९७० च्या दशकाच्या शेवटी मुरजानी या मूळच्या भारतीय कुटुंबाच्या कंपनीने तिच्या नावाने जीन्स काढल्या. तोवर बायकांना बऱ्याचदा पुरुषी बेताच्या जीन्स मिळत. या बाईच्या अंगाला बसतील अशा शिवलेल्या होत्या. मागच्या खिशावर तिची सही भरतकामात, आणि खूण म्हणून एक राजहंस. तो त्याच पहिल्या नाटकातला. पन्नाशी ओलांडलेली ही बाई स्वतः टीव्हीवर येऊन जाहिरात करी. लाखो बायकांनी त्या घेतल्या आणि तिने स्वतःच्या कमाईचा भरपूर पैसा पाहिला. वारशाचा पैसा कधी आपला वाटलाच नाही, कमावलेला तेवढा खरा, असं ती सांगायची.

आणि तरीही, मैत्रिणींनो, कागद तिने दुसऱ्यावर सोपवले. चौथा नवरा, लेखक वायट कूपर, १९७८ साली वारला. त्यानंतर ज्या वकिलावर आणि मानसोपचारतज्ज्ञावर तिने विसंबून व्यवहार सोडला, त्यांनीच तिला फसवलं. वकिलाने कर भरलाच नव्हता. कोर्टात निकाल तिच्या बाजूने लागला, पण थकलेल्या करापायी राहती घरं विकावी लागली. त्याआधी, १९८८ साली, तेवीस वर्षांचा मुलगा कार्टर तिच्या डोळ्यांसमोर गेला होता. त्या दुःखापुढे घरं काहीच नव्हती, तिने कुठे त्याची तुलना केल्याचंही दिसत नाही.

धाकटा मुलगा अँडरसन कूपर आज अमेरिकेतला मोठा बातमीदार आहे. तुझ्या नावाने कुठलाही ट्रस्ट ठेवलेला नाही, कॉलेज झालं की स्वतःचं बघ, हे त्याला घरातून आधीच सांगितलेलं होतं. ग्लोरिया १७ जून २०१९ रोजी, ९५ व्या वर्षी वारली. म्हातारपणीही ती चित्रं काढायची, आणि खाली सही करायची.