विद्यापीठांतील संघटनात्मक संस्कृती

अध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी व प्रशासक यांच्या रोजच्या व्यवहारात मुरलेल्या समजुती, शिरस्ते आणि निष्ठा यांचा समुच्चय. परिनियमांत त्याची नोंद नसते. तरीही निवड समितीत कोणाला पसंती मिळते, परीक्षेची मुदत कितपत पाळली जाते, अभ्यास मंडळाच्या बैठकीत कनिष्ठ अध्यापक तोंड उघडतो की नाही, हे बहुतांशी त्यावर अवलंबून असते.

अभ्यास : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी ‘द डिस्टिंक्टिव्ह कॉलेज’ (1970) या ग्रंथात अँटिऑक, रीड व स्वार्थमोर या महाविद्यालयांची जडणघडण तपासली. तिन्ही विद्यापीठे नसली, तरी विषयाचा पाया येथेच घातला गेला. स्वार्थमोरचे अध्यक्ष फ्रँक एडेलॉट यांनी 1922 मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर विशेष प्रावीण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात परीक्षक बाहेरून बोलावले जात. 1940 मध्ये ते पायउतार झाले, तरी ही प्रथा टिकली. नेत्याची कल्पना अध्यापकांनी आपली मानली आणि ती अभ्यासक्रमात उतरली, तरच ती नेत्यामागे उरते, असे क्लार्क यांच्या विवेचनातून दिसते. पुढे कार्ल वाइक (1976) यांनी शिक्षणसंस्थांचे घटक एकमेकांशी सैलपणे जोडलेले असतात, अशी मांडणी केली. विल्यम टिअर्नी (1988) यांची विश्लेषणाची चौकट आणि विल्यम बर्गक्विस्ट (1992) यांचे वर्गीकरणही प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्र : धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व धरले आणि वैधानिक दर्जाशिवाय तीन दशकांहून अधिक काळ काम केले. ध्येयावरील निष्ठेने संस्था तगल्याचे राज्यातील हे सर्वांत ठळक उदाहरण.

परीक्षा व मूल्यमापन : विद्यापीठाची संस्कृती सर्वाधिक उघडी पडते ती येथे. मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. तोवर अध्यापक मूल्यांकन केंद्रावर बसून कागदावर गुण देत. उत्तरपत्रिका स्कॅन करण्याचे काम रखडले, अध्यापकांचे प्रशिक्षण ऐन हंगामात उरकावे लागले. कुलपतींनी 31 जुलैची मुदत घातली. ती टळली, निकाल लांबले आणि पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी अडकून पडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दोष यंत्रणेचा की नियोजनाचा, याबद्दल मतभेद आहेत. मात्र हजारो अध्यापकांच्या हातची सवय एका हंगामात बदलण्याचा बेत मुळातच घाईचा होता.

व्यवस्थापन : नवागत अध्यापकांचे उद्बोधन, विभागप्रमुखांशी पूर्वचर्चा, निर्णयांची कारणे लेखी कळविणे आणि नव्या पद्धतीचा आधी एखाद्या विद्याशाखेत प्रयोग करणे, हे मान्य उपाय होत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार अधिष्ठात्यांची निवडणूक जाऊन नियुक्ती आली. त्याने विद्याशाखांतील गटबाजी घटली की कुलगुरूंभोवती सत्ता एकवटली, याविषयी अध्यापक संघटना व प्रशासन यांची मते भिन्न आहेत.

कर्मचारी-संस्कृती : प्रशासकीय सेवकांच्या शिरस्त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असून त्याच विद्यापीठात फेरनियुक्ती मिळत नाही. संस्कृती पालटण्यास हा काळ अपुरा आहे; म्हणून बदलाची खरी भिस्त कायम सेवेतील अध्यापक व कर्मचाऱ्यांवरच राहते.