पुण्यातील प्लेग व्यवस्था (१८९७) आणि रुग्णालयीन कार्यसंस्कृतीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

साताऱ्याकडून उपचारांसाठी पुण्यात येणारा रुग्ण बहुधा स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर उतरतो. हातात एक्स-रेचे पाकीट, सोबत एखादा नातलग आणि तोंडी ‘ससूनला कोणती बस जाते?’ हा प्रश्न. पुढे केसपेपर निघाला की त्याची ओळख क्रमांकाने होऊ लागते. या बदलास उपचारपद्धतीपेक्षा तेथील कार्यसंस्कृती अधिक कारणीभूत असते. ही संस्कृती व्यक्तिकेंद्री शुश्रूषेस पोषक आहे की मारक, हे ठरवायचे कसे आणि कोणी? हा प्रश्न परिचर्याशास्त्रात अलीकडे चर्चिला जात असला, तरी पुणे शहराला तो नवा नाही. १८९७ च्या प्लेगकडे आपण प्रामुख्याने राजकीय इतिहास म्हणून पाहिले. शुश्रूषेचा इतिहास म्हणून त्याचे वाचन फारसे झाले नाही. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आला. त्याच महिन्यात साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांची पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून नियुक्ती झाली. १३ मार्चपासून अधिकारी व सैनिक मिळून ८९३ जण या कामावर नेमले गेले. घरझडती, शरीरतपासणी, रुग्णाची रुग्णालयात व आप्तांची विलगीकरण छावणीत रवानगी, असा क्रम होता. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. स्त्रियांची अब्रू व लोकांच्या धर्मभावना जपण्याविषयीच्या लेखी सूचना समितीजवळ होत्या. नियम नव्हते असे नाही. ते ज्यांच्या हाती होते, त्यांना रोग दिसत होता, माणूस दिसत नव्हता.

तथापि अधिक बोलका आहे तो समितीचा अहवाल. स्त्रियांच्या विनयास हेतुपुरस्सर धक्का पोहोचल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, असे समाधान त्यात व्यक्त झाले आहे. याउलट पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ मध्ये पत्र लिहून, आपल्या संस्थेतील मुलीचा दाखला देत, प्लेग रुग्णालयात व छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचे वाभाडे काढले. सरकारने ते आरोप फेटाळले. इंग्लंडमध्ये असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे अशाच तक्रारी जाहीर केल्या. परतल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. तक्रार ‘विश्वासार्ह’ ठरण्यासाठी अत्याचारित स्त्रीने अब्रू चव्हाट्यावर मांडणे आवश्यक होते. ते कोण करणार? म्हणजे तक्रारींचा अभाव हा सुसंस्कृत व्यवस्थेचा पुरावा मानला गेला, आणि तो अभाव त्या व्यवस्थेच्याच धाकातून निर्माण झाला होता. प्रस्तुत लेखिकेच्या मते रँडशाहीच्या जुलमाइतकाच हा मूल्यमापनातील दोष गंभीर आहे. जुलूम त्या वर्षीच ओसरला, ही पद्धत मात्र टिकून राहिली.

त्याच वेळी शहराबाहेरच्या माळावर वेगळी शुश्रूषा चालू होती. डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, असे सांगितले जाते. त्यांना स्वतःला प्लेग झाला व १० मार्च रोजी, म्हणजे लष्करी झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, त्यांचे निधन झाले. या दवाखान्याचे कोणी मूल्यमापन केले नाही.

ससूनमध्ये सुशिक्षित हिंदू परिचारिका दिसू लागल्या त्या पुढे, १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या प्रयत्नांमुळे. रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांनी विशेषतः विधवांना या शिक्षणाकडे वळवले. रुग्णाची भाषा व संकोच जाणणारी स्त्री खाटेपाशी उभी राहिली, हा कार्यसंस्कृतीतील मूलगामी बदल होता.

२००९ मध्ये मॅककॉर्मॅक व सहकाऱ्यांनी कार्यसंस्कृतीच्या चिकित्सेचे एक साधन प्रसिद्ध केले. त्यात निरीक्षक वॉर्डात बसून प्रत्यक्ष व्यवहार पाहतो आणि निष्कर्षांवर कर्मचाऱ्यांशी चर्चा करतो. केवळ तक्रारींची मोजदाद करण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच पुढची आहे.

गेल्या वर्षी एका खासगी रुग्णालयात आमच्या नात्यातील वृद्धेला घरी सोडताना अभिप्राय-पत्र देण्यात आले. ते इंग्रजीत होते. ज्या परिचारिकेने शुश्रूषा केली होती तिनेच, बिलाची वेळ झाली म्हणून, सर्व रकान्यांत ‘उत्तम’ अशा खुणा केल्या. मावशींनी फक्त सही केली.