कलम १६६ चे पाचवे पोटकलम

विंझरमधल्या एका घराच्या पडवीत खांबाला तारेचा आकडा लावलेला आहे आणि त्या आकड्यात विजेची बिले ओवून ठेवलेली आहेत. तळाची पिवळी पडली आहेत, काहींची शाई पार उडाली आहे. घरातल्या आजींनी सगळ्यात वरचे बिल काढून माझ्या हातात दिले आणि विचारले, "एवढे सगळे आकार. ठरवतं कोण हे?" बिलावर स्थिर आकार होता, वीज आकार होता, वहन आकार होता, इंधन समायोजन आकार होता आणि शेवटी सोळा टक्के वीज शुल्क. प्रश्न साधा होता. त्याच्या मागे जाताना जे कागद चाळावे लागले, त्यांची ही हकिगत.

पहिला कागद ते बिलच. त्यातले 'शुल्क' हा राज्य सरकारचा कर आहे. 'आकार' मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या वीजदर आदेशातून येतात. इथवर सरळ आहे. पण महावितरण जी वीज विकते तिच्यातला काही भाग छत्तीसगडमधल्या कोरबा किंवा मध्य प्रदेशातल्या विंध्याचल यांसारख्या केंद्रीय वीज केंद्रांतून येतो, आणि त्या केंद्रांचा दर दिल्लीतला केंद्रीय विद्युत नियामक आयोग ठरवतो. म्हणजे विंझरच्या बिलातल्या 'वीज आकार' या एकाच ओळीत दोन आयोगांचे निर्णय मिसळलेले आहेत. त्याच कोरब्याची वीज गुजरातला जाते, गोव्याला जाते. तिथले आयोग वेगळे. हे सगळे आयोग एकमेकांशी बोलतात का? बोलत असतील तर कोणत्या कागदाच्या आधारे, आणि एकाने दुसऱ्याचे ऐकलेच पाहिजे असे कुठे लिहिले आहे का?

आयोग येण्याआधीची स्थिती थोडक्यात सांगता येते. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली राज्य वीज मंडळ वीज बनवी, वाहून नेई, विकी आणि तिचा भावही ठरवी. १९६४ मध्ये केंद्राने विभागीय वीज मंडळे नेमली. पश्चिम विभागाचे मंडळ त्यांपैकी एक. ग्रिड एकत्र चालवण्यापुरते राज्यांनी एका टेबलाशी बसावे, एवढाच त्यांचा हेतू. ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ कंपनीशी वीजखरेदी करार केला तेव्हा त्या कराराची जाहीर छाननी करील असा नियामक राज्यात अस्तित्वातच नव्हता. देशातला पहिला आयोग ओडिशात १ ऑगस्ट १९९६ ला सुरू झाला. मग १९९८ चा विद्युत नियामक आयोग कायदा आला. त्याखाली २४ जुलै १९९८ ला केंद्रीय आयोग आणि ५ ऑगस्ट १९९९ ला महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राच्या आयोगाचा पहिला वीजदर आदेश ५ मे २००० चा. इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही तारीख मोठी आहे. भाव का वाढला याची कारणे तोवर मंडळाच्या फायलींत असत. इथून पुढे ती सुनावणीत मांडावी लागली, तपासली गेली आणि आदेशात छापली गेली.

त्याच वर्षी, महाराष्ट्राच्या आदेशाच्या चार महिने आधी, केंद्रीय आयोगाने एक आदेश काढला होता. तारीख ४ जानेवारी २०००. विषय 'उपलब्धतेवर आधारित दर'. वरवर पाहता हा केंद्रीय वीज केंद्रांच्या हिशेबाचा रूक्ष कागद आहे. माझ्या मते मात्र आयोगांच्या सहकार्याची खरी सुरुवात त्यात आहे, म्हणून त्यापाशी जरा थांबतो.

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ ठरलेली आहे. एका ग्रिडवर जेवढी राज्ये, त्या सगळ्यांची वारंवारता कोणत्याही क्षणी एकच असते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती सगळीकडे एकदम घसरते. विंझरच्या विहिरीवर दोन ध्रुवांची मोटार असेल तर ५० हर्ट्झला तिची मूळ गती मिनिटाला ३,००० फेऱ्यांची. ४९ हर्ट्झला ती २,९४० वर येते. शेतकऱ्याला पाइपातून येणारे पाणी मंदावलेले दिसते. त्या घसरणीला गुजरात कारणीभूत आहे, मध्य प्रदेश की आपलेच मंडळ, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. २००० च्या आदेशाने या घसरणीलाच भाव लावला. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याने त्या क्षणाच्या वारंवारतेप्रमाणे पैसे मोजायचे. सुरुवातीच्या तक्त्यात ५०.५ हर्ट्झला हा भाव शून्य आहे आणि ४९.०२ व त्याखाली युनिटला ४२० पैसे. ही पद्धत देशात सर्वांत आधी पश्चिम विभागात लागू झाली, १ जुलै २००२ पासून. उत्तर विभाग त्याच डिसेंबरात आला, दक्षिण २००३ च्या जानेवारीत, पूर्व एप्रिलमध्ये.

या तारखेच्या शेजारी मी आणखी एक तारीख ठेवतो. त्याच जुलै २००२ मध्ये लेसोथोची राजधानी मासेरू इथे दक्षिण आफ्रिकी विकास समुदायातल्या देशांचे ऊर्जामंत्री जमले आणि त्यांनी आपापल्या वीज नियामकांची एक विभागीय संघटना उभारायला मान्यता दिली. सप्टेंबरमध्ये नामिबियातल्या विंडहोकला तिची स्थापना झाली. ती 'रेरा' या नावाने ओळखली जाई. आपल्याकडच्या घरबांधणीच्या रेराशी तिचा काही संबंध नाही. त्या देशांचे समाईक ग्रिड १९९५ पासून होते, पण प्रत्येक देशाचा नियामक वेगळा आणि त्यांच्यावर वरचढ कोणी नाही. त्यामुळे ही संघटना सल्ला देई, मार्गदर्शक तत्त्वे तयार करी, नियामकांना प्रशिक्षण देई. एखाद्या देशाला आदेश देण्याचा अधिकार तिला नव्हता. या दोन घटनांमागे समान सूत्र होते असा दावा मी करणार नाही. तार सरहद्दी ओलांडते आणि नियामक ओलांडत नाही, ही अडचण दोन्हीकडे एकाच सुमारास कागदावर आली, एवढे निश्चित.

आता मुख्य कागद. विद्युत अधिनियम, २००३. अंमल १० जून २००३ पासून. त्याचे कलम १६६ मी पहिल्यांदा वाचले ते फक्त दुसऱ्या पोटकलमासाठी. त्यात नियामकांचा मंच आहे: केंद्रीय आयोगाचा अध्यक्ष आणि सर्व राज्य आयोगांचे अध्यक्ष. तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे केंद्रीय आयोगाचा अध्यक्ष हाच या मंचाचा अध्यक्ष. म्हणजे मासेरूला ज्या खुर्चीची जागा रिकामी होती, ती आपल्या कायद्याने भरून टाकली. पण खुर्ची भरली तरी हुकूम दिलेला नाही. मंचाचे नियम १६ फेब्रुवारी २००५ ला निघाले. त्यात सांगितलेली कामे म्हणजे आयोगांच्या आदेशांचे विश्लेषण, विनियमांत सुसंगती आणणे, सेवेची मानके, माहितीची देवाणघेवाण, संशोधन, ग्राहकांच्या हिताचे उपाय. क्रियापदे तपासून पाहावीत: विश्लेषण करणे, संकलन करणे, मेळ घालणे. 'आदेश देणे' त्यात कुठेही नाही. विभागीय वीज समित्यांबद्दलच्या कलम २९ मध्येही हाच सूर आहे. ग्रिडच्या स्थैर्याबाबत समिती वेळोवेळी 'सहमत होऊ शकेल', इतकेच तिथे म्हटले आहे.

२००५ ची पहिली सहामाही या दृष्टीने विलक्षण दाट आहे. १८ जानेवारीला मणिपूर-मिझोरामच्या संयुक्त आयोगाची अधिसूचना. १२ फेब्रुवारीला राष्ट्रीय विद्युत धोरण. चार दिवसांनी नियामकांचा मंच. २ मे रोजी दिल्ली वगळता सर्व केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त आयोग. २५ मे रोजी विभागीय वीज समित्यांचा ठराव, ज्यातून पश्चिम विभागीय वीज समिती उभी राहिली. आणि ६ जूनला महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन. आजींच्या आकड्यावर तळाला असलेले बिल मंडळाचे आहे, त्याच्यावरची महावितरणची. ते अंतर याच तारखेचे. राज्याची जुनी एकसंध यंत्रणा सुटी होण्याच्या आधीच्या पाच महिन्यांत तिच्या वरची बांधणी उभी राहत होती. हे मुद्दाम जुळवले होते की कायद्याच्या मुदतींनी आपोआप घडले, याचा निकाल केवळ तारखांवरून देऊ नये. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

संयुक्त आयोगाची वाट गोव्याने धरली, आणि ते प्रकरण आपल्याला जवळचे आहे. कलम ८३ प्रमाणे दोन किंवा अधिक सरकारे मिळून एकच आयोग नेमू शकतात. प्रत्येक भागीदाराचा एक सदस्य असावा, आणि अध्यक्ष एकमताने ठरावा, ते न जमल्यास आळीपाळीने, असे दुसरे पोटकलम सांगते. ३० मे २००८ च्या अधिसूचनेने गोवा केंद्रशासित प्रदेशांच्या आयोगात सामील झाला. तेव्हाचे भागीदार मोजावेत: गोवा, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, चंडीगड, दमण-दीव, दादरा-नगर हवेली, पुदुच्चेरी. सात. आयोग मात्र दोन सदस्यांचा आहे आणि त्याचे कार्यालय गुरुग्रामला. दुसऱ्या पोटकलमाशी हे जुळत नाही. त्याची उकल पाचव्या पोटकलमात असावी: सहभागी राज्यांनी अधिकार दिला तर केंद्र सरकार स्वतः संयुक्त आयोग नेमू शकते. हे अनुमान आहे, पण आकड्यांशी जुळणारे. गोव्याकडे स्वतःची निर्मिती नगण्य, बहुतेक वीज महाराष्ट्रातून जाणाऱ्या तारांवरून येते. ४०० केव्हीची कोल्हापूर-म्हापसा वाहिनी त्यांपैकी एक. तार कोल्हापूरशी जोडलेली आणि दर गुरुग्रामला ठरणारा. भागीदारी शेजाऱ्याशी झाली नाही. ज्यांना स्वतंत्र आयोगाचा खर्च पेलत नव्हता, अशा दूरदूरच्या प्रदेशांशी झाली.

दोन राज्यांचे आयोग एकाच करारात अडकले तर काय होते, याचा पुरावा मुंद्र्याचा आहे. कच्छमधल्या टाटांच्या ४,००० मेगावॅटच्या प्रकल्पातून पाच राज्यांना वीज द्यायची होती: गुजरात १,८०५ मेगावॅट, महाराष्ट्र ७६०, पंजाब ४७५, हरियाणा आणि राजस्थान प्रत्येकी ३८०. इंडोनेशियातला कोळसा महागला आणि कंपनीने वाढीव दर मागितला. पाच आयोगांनी एकत्र बसून निवाडा करावा, अशी सोय कायद्यात नाही. प्रकरण केंद्रीय आयोगाकडे गेले, आणि ११ एप्रिल २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार केंद्रीय आयोगाचाच असल्याचे ठरवले. एकाहून अधिक राज्यांना वीज विकली जात असेल तर विषय वर जातो; शेजारी शेजाऱ्याशी बोलून तो मिटवत नाही.

३० आणि ३१ जुलै २०१२ चे अंधार इथे फक्त नोंदवतो. ३० तारखेला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली आणि उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य. पश्चिम विभाग बहुतांशी टिकला. १६ ऑगस्टच्या चौकशी अहवालात विभागीय केंद्राच्या सूचनांना राज्यांच्या भारप्रेषण केंद्रांकडून अपुरा प्रतिसाद मिळाल्याचे म्हटले आहे. सहमतीवर चाललेली व्यवस्था कुठे ताणली जाते ते या वाक्यात दिसते.

या सगळ्यानंतर कलम १६६ पुन्हा उघडले, आणि या वेळी शेवटपर्यंत वाचले. चौथ्या पोटकलमात राज्याचा समन्वय मंच आहे. पाचव्यात लिहिले आहे की प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असेल. तिने त्या जिल्ह्यातल्या विद्युतीकरणाचा समन्वय व आढावा घ्यायचा, वीजपुरवठ्याची गुणवत्ता आणि ग्राहकांचे समाधान तपासायचे, आणि विजेच्या काटकसरीला चालना द्यायची. दिल्लीतल्या नियामकांच्या मंचाला जन्म देणारे आणि पुणे जिल्ह्याला, म्हणजे विंझरलाही, स्पर्श करणारे कलम एकच आहे. वीस वर्षे वरची पोटकलमे चर्चेत राहिली. आपल्या सर्वांत जवळचे हे तळाचे पोटकलम किती जणांनी वाचले असेल?

आजींना मी उत्तर दिले ते असे: शुल्क सरकार ठरवते, आकार मुंबईतला आयोग ठरवतो, त्यातला काही भाग दिल्लीतला, आणि हे सगळे आयोग एका मंचावर बसतात, पण तिथे कोणी कोणाला हुकूम देत नाही. त्यांनी बिल परत आकड्याला लावले.

वाचकांना एकच विनंती आहे. दरनिश्चितीची जाहीर सूचना मराठी वर्तमानपत्रांत येते. ती कापून ठेवा, बिलाशेजारी ठेवून वाचा, आणि जे पटत नसेल त्याची हरकत दिलेल्या मुदतीत लेखी पाठवा. त्यासाठी वकील लागत नाही.