६४० किलोबाइटांची मर्यादा आणि देवनागरी

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ या प्रोसेसरला पत्ता दर्शविणाऱ्या रेषा २० होत्या. त्यामुळे त्यास १०२४ किलोबाइटांपलीकडील स्मृती गाठता येत नसे. त्यांतील ३८४ किलोबाइट पडदा, यंत्रातील कायम आज्ञा इत्यादींसाठी राखून ठेवल्याने डॉस व तीवर चालणारे प्रोग्राम यांच्या वाट्यास ६४० उरत. एवढ्या जागेत जोडाक्षरांच्या शेकडो आकृती ठेवावयाच्या कोठे?

आयआयटी कानपूर येथील संशोधनातून निघालेल्या व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या जिस्ट कार्डाने हा प्रश्न सोडविला. आकृती व त्या जुळविण्याचे नियम कार्डाने सांभाळावयाचे. मुख्य स्मृतीत केवळ मूळ वर्णांचे संकेत. ‘पाथर्डी’ हा शब्द घ्यावा. लेखनात अक्षरे ३. इस्की संकेतावलीत मात्र प, काना, थ, र, हलन्त, ड व दुसरी वेलांटी असे ७ संकेत, प्रत्येकी १ बाइट. रफार दिसतो ‘ड’च्या डोक्यावर, परंतु नोंदला जातो उच्चाराच्या क्रमाने.

१९९१ च्या युनिकोडने इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून हीच व्यवस्था स्वीकारली. ६४० किलोबाइटांची अडचण केव्हाच सरली. वर्ण व आकृती यांतील तो भेद मात्र आजच्या संगणकीय मराठी लेखनाचा पाया होऊन राहिला आहे.