संदर्भगणनेचा उगम व तिची मर्यादा

संदर्भगणनेचा उगम संशोधकाच्या मूल्यमापनात नाही. १९२७ साली ग्रॉसद्वयाने अमेरिकेतील एका रसायनविषयक नियतकालिकातील संदर्भ मोजले, ते महाविद्यालयीन ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी. १९५५ साली यूजीन गारफील्ड यांनी मांडलेली संदर्भसूचीची कल्पनाही मुख्यतः विचारांचा माग काढण्यासाठी होती. व्यक्तीच्या मापनाकडे हे साधन पुढे वळले. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 'एच्-निर्देशांक' सुचविला : ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या लेखांचा प्रत्येकी निदान तितक्याच वेळा उल्लेख झाला, ती संख्या. जीवशास्त्रांत हा अंक भौतिकशास्त्रापेक्षा मोठा येतो, हे त्यांनीच नमूद केले. सबब भिन्न शास्त्रांतील विद्वानांची केवळ अंकांवरून तुलना करणे, म्हणजे बव्हंशी त्या त्या शास्त्रातील लेखनरूढीच मोजणे होय.