बालवाडीच्या बाईंनी शिकायचं कशाला?

दर रविवारी सकाळी पिशवीत दोन वह्या आणि डबा टाकून मी वर्गाला निघते, तेव्हा आमच्या इमारतीतल्या एक खाला हमखास विचारतात, "बेटा, अब क्या पढ़ने का बाकी है?" त्यांचं विचारणं मायेचं असतं. बी.एड. होऊन बरीच वर्षं झाली. उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवते. आता चाळिशी उलटल्यावर नोकरी सांभाळून पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका करतेय. माझ्या एका सहकाऱ्यांचं बोलणं मात्र मायेचं नव्हतं. ते म्हणाले, "लहान पोरांना सांभाळायला कसली पदविका? ते तर प्रत्येक आई करते."

हे वाक्य मला अनेक दिवस टोचत राहिलं. मग इतिहास वाचत गेले आणि लक्षात आलं की ते त्यांचं एकट्याचं नाही, फार जुनं आहे.

आपल्याकडे अनेक मुस्लिम घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाख्वानी होते. नवे कपडे, मिठाई, पाटीवर पहिलं अक्षर. मुलाच्या शिक्षणाची सुरुवात हा सोहळा मानण्याची ही रीत मला फार आवडते. आपल्या विद्वानांनीही बालपणाचा विचार केला होता. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये सांगितलं की, मकतब सुटल्यावर मुलाला खेळू द्यावं. सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरून जातं. चौदाव्या शतकात इब्न खल्दूननं 'मुकद्दमा'त लिहिलं की, मुलांशी कठोरपणे वागलं तर ती खोटं बोलायला शिकतात. पण त्या चिमुकल्यांना शिकवणाऱ्यानं स्वतः काय शिकलेलं असावं, याची चौकशी आपल्या मकतबांनी फारशी केली नाही. छडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. ते मूळचे वकील. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी सुरू केलेल्या प्रयोगाबद्दल त्यांनी वाचलं आणि वकिली सोडली. तीनच वर्षांनी मुंबईच्या पदवीधर ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि खेड्यातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी काम सुरू केलं. माँटेसरींची महागडी साधनं तिथं कुठून येणार? मग बिया, शंख-शिंपले, खडे, माती हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द इथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा.

याच कामात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपायचं. अनुताई शिकल्या. १९२९ मध्ये प्राथमिक शिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळवून नोकरीला लागल्या. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर कामाचा डोंगर उपसत असतानाही त्यांचं शिक्षण थांबलं नाही. बी.ए. झाल्या तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या! १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अनुताईंना बी.ए.ची गरज काय होती? त्यांच्याकडे अनुभव होता, नाव होतं. तरी त्या परीक्षेला बसल्या. रविवारी बसची वाट बघताना मला हे आठवतं आणि खालांच्या प्रश्नाचं हसू येतं.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाच्या अधिक जवळची, पण आपल्यातच कमी माहीत असलेली. १९२० मध्ये अलीगढला सुरू झालेली जामिया मिल्लिया पाच वर्षांत दिल्लीला आली. ती बंद पडायच्या बेतात असताना जर्मनीत शिकलेले तीन तरुण, झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब, १९२६ मध्ये तुटपुंज्या पगारावर तिथं रुजू झाले. बर्लिनमध्ये त्यांची एका ज्यू तरुणीशी मैत्री झाली होती, गर्डा फिलिप्सबोर्न. त्या १९३२ च्या अखेरीस हिंदुस्थानात आल्या आणि जामियाच्या लहान मुलांमध्ये रमल्या. मुलं त्यांना 'आपाजान' म्हणू लागली. १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना दफन केलं. एका ज्यू बाईला मुस्लिम मुलांची आपा होता आलं, आजच्या काळात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

१९३५ मध्ये ओखल्याला जामियाच्या इमारतीची पायाभरणी झाली, ती कुणा नवाबाच्या हातून नव्हे. संस्थेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून झाली. लहान मुलाचं स्थान कुठं असावं, हे त्या माणसांना कळलं होतं. झाकिरसाहेब पुढं राष्ट्रपती झाले, पण त्यांनी 'अब्बू खाँ की बकरी'सारख्या गोष्टीही मुलांसाठी लिहिल्या.

याच झाकिरसाहेबांना १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनं नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचं अध्यक्ष केलं. तो आराखडा ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी होता. सात वर्षांखालच्या मुलांचा विचार त्या योजनेत आला तो १९४५ मध्ये, सेवाग्रामला. गंमत पाहा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही हक्क मिळाला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना. लहानग्यांचा नंबर कायम नंतर.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंची अंगणवाडी देशभर गेली. पण तिथल्या बाईंना पगार नाही, 'मानधन'. शिक्षिका हे नाव नाही, 'सेविका'. माझे सहकारी जे म्हणाले, तेच सरकारी कागदावरही लिहिलेलं आहे, फक्त सभ्य शब्दांत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रथमच तीन वर्षांपासूनची मुलं शालेय रचनेत धरली आणि बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, तर त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. तीही काम सांभाळून करायची, टीव्ही आणि स्मार्टफोनवरून. म्हणजे अनुताईंची रात्रशाळाच, आता मोबाईलमध्ये.

हे शिक्षण का हवं, ते मला पुस्तकात नाही, प्रात्यक्षिकात कळलं. निरीक्षणासाठी मी आमच्या मोहल्ल्याजवळच्या एका अंगणवाडीत बसले होते. बाईंनी चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" एक चार वर्षांची पोरगी उत्साहानं ओरडली, "बिल्ली!" बाई म्हणाल्या, "चूक. मांजर म्हण." मुलगी खाली बसली. पुढची पाच चित्रं झाली. तिनं तोंड उघडलं नाही.

त्या बाई वाईट नव्हत्या. वजनाच्या नोंदी, आहार, सर्वेक्षण, रजिस्टर यातून उरलेल्या वेळात त्या जीव तोडून शिकवत होत्या. "बरोबर, बिल्ली! तिला मराठीत मांजर म्हणतात," एवढं वाक्य त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. घरच्या भाषेला आधी होकार द्यायचा आणि मग दुसरी भाषा तिच्या शेजारी आणून बसवायची, हे आपोआप येत नाही. मुलाच्या आईलाही येत नाही आणि बी.एड. झालेल्या मलाही येत नव्हतं. पाचवीच्या वर्गात मी इतकी वर्षं "चूक, असं म्हण" हेच करत आले. मराठीच्या तासाला आमची मुलं गप्प का बसतात, असा प्रश्न मी स्टाफरूममध्ये कितीदा विचारला असेल! त्यातली किती मुलं मी गप्प केली, याचा हिशोब आता लागायचा नाही.

मराठी ही माझी भाषा आहे. ती आमच्या मुलांना यावी, त्यांनी ती मोकळेपणानं बोलावी, यासाठीच मी या पेशात आले. पण तिची पहिली भेट 'चूक' या शब्दानं झाली, तर ती परकीच राहणार. आणि ही भेट माझ्या वर्गात होत नाही, त्याच्या फार आधी, अंगणवाडीच्या सतरंजीवर होते. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मकतबमध्येही होते. तिथल्या मौलानांनाही असं काही शिकायची सोय असावी, असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी त्या बाईंशी थोडा वेळ बोलले. 'चूक' या शब्दाबद्दल बोलले, तेही आधी माझ्या वर्गातलं सांगून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या कोर्सच्या नोट्स मराठीत मिळतील का?" आता रविवारी रात्री मी दिवसभराच्या टिपणांची दुसरी प्रत त्यांच्यासाठी लिहिते. खालांना अजून सांगितलेलं नाही, की शिकायचं बरंच बाकी आहे.